आधी करार होऊ दे

डब्लिन कॅसलच्या मागच्या बाजूला शिप स्ट्रीट नावाची एक गल्ली आहे. नावात जहाज असलं तरी जहाजाचा इथे काही संबंध नाही. मूळ नाव शीप स्ट्रीट, म्हणजे मेंढ्यांची गल्ली. लोकांच्या तोंडात रुळता रुळता मेंढीचं जहाज झालं. एका अंगाला किल्ल्याची जुनी, उंच दगडी भिंत आणि जवळच पूर्वीच्या लष्करी बराकी. बघण्यासारखं फार काही नाही. पर्यटक पुढच्या दाराने आत शिरतात, दरबारी दालनं बघतात, फोटो काढतात आणि जातात. मी भाचीकडे दोन महिन्यांसाठी गेले होते. तिचं ऑफिस चालू, आणि रिटायर झाल्यापासून माझ्याकडे वेळच वेळ. त्यामुळे २०२४ च्या जूनमधल्या एका सकाळी मी त्या गल्लीत खिडक्यांकडे बघत उभी होते.

१३ जून १९१२ ला इथल्या काचा एका पस्तीस वर्षांच्या शिक्षिकेने फोडल्या. तिचं नाव हॅना शीही स्केफिंग्टन. त्या दिवशी बायकांना मताचा हक्क हवा म्हणून आठ बायका वेगवेगळ्या सरकारी इमारतींवर गेल्या होत्या. जनरल पोस्ट ऑफिस, कस्टम हाउस, हा किल्ला. हॅनाच्या वाट्याला बराक आली. पोलीस धावत आला आणि सवयीने त्याने तिचा उजवा हात धरला. बाई डावखुरी! लष्कराची माणसं येईपर्यंत डाव्या हाताने तिने आणखी काही काचा उरकून घेतल्या. हे तिनेच पुढे आपल्या आठवणींत लिहून ठेवलंय, आणि लिहिताना ती गालातल्या गालात हसत असणार. मला तर भर रस्त्यात एकटीला हसू फुटलं.

काचा इंग्रज सरकारच्या होत्या. राग मात्र अर्ध्याहून जास्त घरच्या माणसांवर होता, आणि ‘घरच्या’ हा शब्द मी अगदी शब्दशः वापरतेय. हॅनाचे वडील, डेव्हिड शीही, आयरिश पार्लमेंटरी पक्षाचे खासदार होते. जमिनीच्या आंदोलनात तुरुंगात जाऊन आलेला माणूस. म्हणजे देशासाठी तुरुंग ही या मुलीला नवलाची गोष्ट नव्हती. जॉन रेडमंड यांच्या नेतृत्वाखाली हा पक्ष लंडनच्या पार्लमेंटात बसायचा आणि आयर्लंडला होमरूल, म्हणजे देशांतर्गत कारभाराचा हक्क, मिळवायचा प्रयत्न करायचा. १९१२ मध्ये योग जुळून आला. अॅस्क्विथ यांचं लिबरल सरकार रेडमंड यांच्या मतांवर टेकलेलं होतं. एप्रिलमध्ये होमरूलचं विधेयक मांडलं गेलं. डब्लिनला स्वतःचं पार्लमेंट मिळणार होतं. ते निवडायचं होतं फक्त पुरुषांनी.

त्याच्या जेमतेम पंधरवडाभर आधी, मार्चच्या अखेरीला, काही बायकांना मत देणारं एक विधेयक लंडनला चौदा मतांनी पडलं होतं. ही चौदा मतं आयरिश पक्षाच्या बाकांवरून सहज निघाली असती. पण पंतप्रधान अॅस्क्विथ बायकांच्या मताच्या पक्के विरोधात. विधेयक पास झालं तर सरकार डळमळेल, सरकार पडलं तर होमरूल बुडेल, हा रेडमंड यांच्या पक्षाचा हिशेब. खरं सांगायचं तर राजकारणाचा हिशेब म्हणून तो चुकीचाही नव्हता. १ जूनला डब्लिनमध्ये बायकांची मोठी सभा झाली. त्यात राष्ट्रवादी होत्या, ब्रिटिश साम्राज्यात राहू इच्छिणाऱ्या युनियनिस्ट होत्या, कामगार चळवळीतल्याही होत्या. एरवी एकमेकींच्या घरचा चहा न घेणाऱ्या. सगळ्यांनी मिळून एकच ठराव केला, की होमरूलच्या विधेयकात आम्हाला घ्या. मंत्र्यांना आणि आयरिश खासदारांना तो धाडला. बारा दिवस वाट पाहिली. मग दगड आणि काठ्या.

‘आधी होमरूल, मग तुमचं बघू.’

हे वाक्य मी प्रथम वाचलं तेव्हा मला डब्लिन दिसलं नाही. आमच्या बँकेच्या विभागीय कार्यालयाखालची पार्किंगची जागा दिसली, जिथे आमच्या द्वारसभा व्हायच्या. बँकेचं आणि युनियनचं नाव सांगत नाही, त्याची गरजही नाही. त्या काळात जी बाई कुठल्याही युनियनमध्ये होती तिला हे पाठ असेल. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. माझा मुलगा दहा महिन्यांचा. आम्ही अकरा जणींनी अर्ज दिला होता, की मागण्यांच्या सनदेत पाळणाघराचा मुद्दा घाला. पगार कराराची बोलणी चालू होती. आमचे सेक्रेटरी भला माणूस. बदलीच्या वेळी माझ्यासाठी साहेबांशी भांडलेले. त्यांनी अर्ज वाचला, घडी घालून खिशात ठेवला आणि म्हणाले, “ताई, आधी करार होऊ दे. मग तुमचं पहिलं घेऊ.”

करार झाला. पेढे वाटले. थकबाकीवरची युनियनची लेव्ही गोळा करायचं काम आम्हा बायकांकडे आलं, कारण बायकांना कोणी नाही म्हणत नाही. पाळणाघराचा कागद त्या खिशातून कधी बाहेर आला नाही. तोवर माझा मुलगा शाळेत जाऊ लागला होता आणि मलाही त्याची गरज उरली नव्हती. ‘नंतर’ म्हणणाऱ्याला वाईट वागावंच लागत नाही. मूल आपोआप मोठं होतं.

तर हॅनाकडे मी तिथून पोचले. इतिहासाच्या आवडीतून नाही, त्या घडी घातलेल्या कागदामुळे.

आयर्लंडच्या बायकांना ‘नंतर’ची सवय १९१२ च्या बरीच आधीपासून होती. १८८१ मध्ये जमीनदारांविरुद्धच्या आंदोलनात पुरुष पुढारी तुरुंगात जाणार हे दिसू लागलं तेव्हा बायकांची लँड लीग निघाली. ती चालवली अॅना पार्नेलने, म्हणजे आयर्लंडचे तेव्हाचे सर्वात मोठे पुढारी चार्ल्स पार्नेल यांच्या सख्ख्या बहिणीने. बेदखल झालेल्या कुळांना निवारा, कैद्यांच्या कुटुंबांना मदत, सगळा हिशेब आणि पत्रव्यवहार, हे सारं या बायकांनी रेटून नेलं. पुरुष सुटले, सरकारशी तडजोड झाली, आणि भावाने बहिणीच्या संघटनेचे पैसे थांबवून ती मोडीत काढली. असं सांगतात, की त्यानंतर अॅना भावाशी कधी बोलली नाही.

डब्लिनमध्ये मताची मागणी त्याही आधीपासून चालू होती. अॅना हॅस्लम ही क्वेकर पंथाची बाई आणि तिचा नवरा थॉमस यांनी १८७६ पासून सभा घेतल्या, अर्ज केले, सह्या गोळा केल्या. १८६६ मध्ये लंडनच्या पार्लमेंटात गेलेल्या बायकांच्या पहिल्या मोठ्या अर्जावर हिची सही होती. अशा चिवट कामाने १८९८ मध्ये निदान स्थानिक संस्थांचं मत मिळालं. हॅस्लमबाई राजकारणाने युनियनिस्ट. हॅनाच्या पिढीला तिचा आदर होता, पण अर्जांचा कंटाळा आला होता. म्हणून नोव्हेंबर १९०८ मध्ये हॅना आणि तिची मैत्रीण मार्गारेट कझिन्स यांनी आयरिश विमेन्स फ्रँचाइझ लीग काढली. दोघींचे नवरेही सोबत होते. हॅनाचा नवरा फ्रान्सिस हा तर अजब प्राणी. शाकाहारी, युद्धविरोधी, कोटावर कायम बायकांच्या मताचा बिल्ला. लग्नानंतर त्याने बायकोचं आडनाव आपल्या आडनावाला जोडलं आणि तिने त्याचं. युनिव्हर्सिटी कॉलेजात तो रजिस्ट्रार होता. बायकांना बरोबरीची वागणूक मिळावी यावरून वरिष्ठांशी बिनसलं तेव्हा त्याने ती नोकरी सोडली. १९१२ पासून तो आणि मार्गारेटचा नवरा जेम्स मिळून ‘द आयरिश सिटिझन’ हे साप्ताहिक काढू लागले.

लीगची घोषणा होती, होमरूल आयरिश पुरुषांना तसं आयरिश बायकांनाही. या एका ओळीत त्यांची सगळी पंचाईत आहे. त्यांना होमरूल हवं होतं. त्या इंग्रज चळवळीच्या शाखा नव्हत्या, आणि इंग्लंडमध्ये बायकांच्या मतासाठी लढणाऱ्या पँकहर्स्टबाईंच्या संघटनेने आयर्लंडमध्ये येऊन परस्पर काही केलं की यांची अडचण व्हायची. जुलै १९१२ मध्ये तसंच झालं. अॅस्क्विथ डब्लिनला आले. मेरी ली नावाच्या इंग्रज बाईने त्यांच्या घोडागाडीत एक छोटी कुऱ्हाड भिरकावली. ती अॅस्क्विथना लागलीच नाही. शेजारी बसलेल्या रेडमंड यांच्या कानाला चाटून गेली. पुढे नाट्यगृहाला आग लावायचाही प्रयत्न झाला. मग डब्लिनचा जमाव रस्त्यात दिसेल त्या मताधिकारवाल्या बाईवर धावून गेला. देशाच्या पुढाऱ्यावर हल्ला, होमरूल तोंडाशी आलं असताना! हॅना तेव्हा काचांपायी माउंटजॉय तुरुंगात होती. तिला कुऱ्हाडीचा प्रकार पसंत असण्याचं कारण नव्हतं. तरी त्या इंग्रज बायकांना राजकीय कैद्यांसारखं वागवा, या मागणीसाठी ती आणि तिच्या सोबतिणी उपोषणाला बसल्या. त्या दोन इंग्रज कैद्यांना जबरदस्तीने नळीने अन्न घातलं गेलं. आयर्लंडमध्ये असं पहिल्यांदाच झालं. तुरुंगवासापायी हॅनाची नोकरीही गेली.

आता दुसरी बाजू, कारण ती बाजू मला सोडवत नाही. आयर्लंडमध्ये अशाही बायका होत्या ज्यांना लंडनकडे मत मागणं हाच अपमान वाटायचा. मॉड गॉनने १९०० मध्ये ‘इनिनी ना हेरन’, म्हणजे ‘आयर्लंडच्या लेकी’ ही संघटना काढली, तिच्यातून तयार झालेल्या या बायका. कॉन्स्टन्स मार्कीव्हिच त्यांतलीच. त्यांचं म्हणणं असं, की ज्या पार्लमेंटचा आपल्यावरचा हक्कच आपण मानत नाही, त्याच्या दारात मतासाठी का उभं राहायचं? देश मोकळा होऊ दे, मोकळ्या देशात बरोबरीने बसू. यात तथ्य नाही असं कोण म्हणेल? गुलामीतल्या पुरुषाच्या मताला तरी किती किंमत होती?

पण एप्रिल १९१४ मध्ये ‘कुमन ना मॉन’ ही बायकांची संघटना निघाली (लिहिताना त्यात ‘ब’ असतो, बोलताना तो गिळतात), तेव्हा हॅना भडकली. पुरुषांच्या स्वयंसेवक दलाला मदत करणं, त्यांच्या बंदुकांसाठी पैसे जमवणं, हे या संघटनेचं काम. निर्णयात वाटा नाही. हॅनाने या बायकांना ‘चालत्याबोलत्या दानपेट्या’ म्हटलं. कुमन ना मॉनच्या बायकांना ते फार लागलं, आणि लागायलाच हवं होतं असंही नाही; त्यांतल्या कितीतरी मताच्या बाजूच्या होत्या आणि दोन वर्षांनी त्यांनी गोळीबारात उभं राहून दाखवलं. मला मात्र ते वाचताना लेव्हीची पावतीपुस्तकं आठवली. निळा कार्बन, दोन प्रती, आणि ‘बायकांना कोणी नाही म्हणत नाही.’

फ्रान्सिसचा मुद्दा आणखी खोल होता. १९१५ मध्ये स्वयंसेवक दलाचे एक पुढारी, त्याचे मित्र थॉमस मॅकडोना यांना त्याने जाहीर पत्र लिहिलं. तुमच्या दलात बायका का नाहीत याचं कारण शोधून स्पष्ट शब्दांत मांडा, म्हणजे तुमच्या चळवळीतला प्रतिगामी भाग नेमका कुठे आहे ते तुम्हालाच कळेल, असा त्याचा आशय. मैत्रीत असं लिहिता येणं हीसुद्धा एक श्रीमंती.

२४ एप्रिल १९१६, ईस्टरचा सोमवार. इंग्रजांविरुद्ध बंड पुकारून जनरल पोस्ट ऑफिससमोर प्रजासत्ताकाचा जाहीरनामा वाचला गेला. त्याची सुरुवातच ‘आयरिश पुरुषहो आणि आयरिश स्त्रियांनो’ अशी होती, आणि सर्व स्त्री-पुरुषांच्या मतांनी निवडलेल्या सरकारचं वचन त्यात होतं. १९१२ मध्ये ज्या पोस्टाच्या काचा मतासाठी फुटल्या, त्याच पोस्टापुढे चार वर्षांनी मताचं वचन. यामागे कामगार पुढारी जेम्स कॉनली यांच्यासारखे लोक होते. कामगार स्त्री ही गुलामाची गुलाम आहे असं लिहिणारे. हॅनाने बंडवाल्यांना अन्न नेऊन पोचवलं. फ्रान्सिस बंदुकीविरुद्ध, म्हणून तो लुटालूट थांबवायला माणसं जमवत शहरभर फिरला. मंगळवारी संध्याकाळी घरी परतताना लष्कराने त्याला पकडलं. बुधवारी सकाळी पोर्टोबेलो बराकीच्या आवारात एका कॅप्टनच्या हुकमाने त्याला आणि दोन पत्रकारांना चौकशीशिवाय गोळ्या घातल्या. हॅनाला कोणी कळवलंही नाही. ती विचारत फिरत राहिली. शुक्रवारी सैनिक तिच्या घराची झडती घ्यायला आले. घरात सहा वर्षांचा मुलगा होता. पुढे कॅप्टन वेडा ठरवला गेला. सरकारने नुकसानभरपाई म्हणून दहा हजार पौंड देऊ केले. तिने घेतले नाहीत. मुलाला घेऊन ती अमेरिकेला गेली, गावोगाव भाषणं दिली, आणि १९१८ च्या जानेवारीत थेट राष्ट्राध्यक्ष विल्सन यांना भेटली. परत आल्यावर तिने शिन फेन पक्षात काम सुरू केलं. दानपेट्या म्हणणारी बाई आता राष्ट्रवादी पक्षाच्या कामात. मला यात विसंगती दिसत नाही. दुसऱ्या करारासाठी मीही रस्त्यावर उतरलेच होते.

आपल्याकडे त्याच आठवड्यात, २८ एप्रिल १९१६ ला, बेळगावात टिळकांच्या होमरूल लीगची स्थापना झाली. शब्द आयर्लंडहून आला होता, आणि तिकडे त्या शब्दावरचा विश्वास संपत असताना इकडे तो नवा कोरा होऊन उभा राहिला.

१९१८ मध्ये मत मिळालं, तेही तीस वर्षांपुढच्या आणि मालमत्तेची अट पुरी करणाऱ्या बायकांना. डिसेंबरमध्ये निवडणूक झाली. कॉन्स्टन्स मार्कीव्हिच डब्लिनमधून निवडून आली, वेस्टमिन्स्टरसाठी निवडली गेलेली पहिली बाई. तेव्हा ती लंडनच्या हॉलोवे तुरुंगात होती, आणि पक्षाच्या धोरणाप्रमाणे तिथल्या पार्लमेंटात बसलीच नाही. डब्लिनमध्ये हॅस्लमबाई मत द्यायला आली. वय एकोणनव्वद. नवरा जवळजवळ दोन वर्षांपूर्वी गेलेला. दोन्ही राजकारणांच्या बायका तिच्यासोबत चालत गेल्या. तिने ज्यांना मत दिलं असेल ते हॅनाचे विरोधकच असणार. त्या दिवशी त्याचं कोणाला काही नव्हतं.

आणि मग मार्च १९२२, ज्यासाठी मी हे सगळं लिहायला बसले.

स्वातंत्र्यासाठी इंग्लंडशी युद्ध होऊन मग करार झाला होता. आयर्लंडच्या स्वतःच्या संसदेत, डॉलमध्ये, तो जानेवारीत ६४ विरुद्ध ५७ मतांनी मंजूर झाला. सहा बायका सभासद होत्या. सहाही जणींनी विरोधात मत दिलं. आता करारावर लोकांचा कौल घेणारी निवडणूक यायची होती. लिमरिकच्या केट ओ’कॅलहन यांनी ठराव मांडला. त्यांच्या नवऱ्याला, लिमरिकच्या माजी महापौरांना, वर्षभरापूर्वी घरात घुसून गोळ्या घातल्या होत्या. ठराव साधा होता, की या निवडणुकीत एकवीस वर्षांपुढच्या सर्व बायकांना पुरुषांसारखं मत असावं. युद्धाच्या काळात निरोप पोचवणाऱ्या, बंदुका लपवणाऱ्या, जखमींची मलमपट्टी करणाऱ्या मुली बहुतेक तिशीच्या आतल्याच होत्या. करार करून आणणारे पुढारी आर्थर ग्रिफिथ उत्तराला उभे राहिले. ग्रिफिथ बायकांच्या मताचे जुने समर्थक, हे लक्षात ठेवायला हवं. त्यांचं म्हणणं, तत्त्व मान्य आहे, पण नव्या मतदारयाद्या करायला महिने जातील. हा करार बुडवायचा डाव आहे. आधी निवडणूक, मग नव्या घटनेत बायकांचं मत येईलच.

४७ विरुद्ध ३८. ठराव पडला.

मी ते आकडे वाचून पुस्तक मिटलं होतं. आधी करार होऊ दे. फरक इतकाच, की लंडनच्या नाही, डब्लिनच्या सभागृहात. गोऱ्या साहेबाला दोष देण्याची सोय आता नव्हती.

पण ग्रिफिथ यांच्यावर अन्याय करायचा नाही. डाव होता का? थोडा असणारच, ठराव मांडणाऱ्यांना ठाऊक होतं की तरुण बायका करारविरोधी मत देतील, आणि विरोध करणाऱ्यांनाही तेच ठाऊक होतं. दुसरं म्हणजे दिलेला शब्द पाळला गेला. १९२२ च्या अखेरीस लागू झालेल्या घटनेत एकवीस वर्षांच्या प्रत्येक बाईला मत मिळालं. इंग्लंडच्या बायकांना ते मिळायला १९२८ उजाडलं. म्हणजे ‘नंतर’ खरंच आलं. आमच्या सेक्रेटरींपेक्षा ग्रिफिथ बरे. स्वतः ग्रिफिथ मात्र ते बघायला राहिले नाहीत, ऑगस्टमध्येच वारले.

मत आलं आणि एकेक गोष्ट काढून घेतली जाऊ लागली. १९२७ मध्ये ज्युरीवरून बायकांना जवळजवळ बाहेर काढलं. १९३६ च्या कायद्याने कारखान्यांतल्या बायकांच्या संख्येवर मर्यादा घालायची मुभा सरकारला मिळाली. सरकारी नोकरीत लग्न झालं की राजीनामा. हा नियम १९७३ पर्यंत होता आणि बँकांतही ही पद्धत होती. मी डब्लिनमध्ये जन्मले असते, चार-पाच वर्षं आधी, तर पाळणाघराचा प्रश्नच मिटला असता. १९३७ ची घटना तेव्हाचे सरकारप्रमुख डी व्हॅलेरा यांनी आणली. हेच ते डी व्हॅलेरा, ज्यांनी १९१६ च्या बंडात आपल्या ठाण्यावर बायकांना येऊ दिलं नव्हतं. घटनेत लिहिलं गेलं, की स्त्री तिच्या घरातल्या आयुष्याने राज्याला आधार देते, आणि आयांना गरजेपोटी घरची कर्तव्यं टाकून कामाला जावं लागू नये म्हणून राज्य झटेल. हॅना तेव्हा साठीला आलेली. जाहीरनाम्यातलं १९१६ चं वचन दाखवत ती विरोधात उभी राहिली. १९४३ मध्ये अपक्ष म्हणून निवडणूक लढली आणि आपटली. १९४६ मध्ये गेली.

ते कलम अजून घटनेत आहे. मी तिथे पोचायच्या तीनच महिने आधी, ८ मार्च २०२४ ला, ते बदलायला सार्वमत झालं होतं. तेव्हा पंतप्रधान होते लिओ वराडकर. वडिलांकडून मालवणजवळच्या वराडचे, म्हणून आपल्याकडे त्यांचं कोण कौतुक. जवळपास ७४ टक्के लोकांनी ‘नाही’ म्हटलं. याचा अर्थ आयरिश लोकांना बायका घरात हव्यात असा मुळीच नाही. भाचीच्या ऑफिसातल्या एका बाईने मला समजावलं, की जुनी ओळ काढून जी नवी घालत होते ती इतकी गुळमुळीत होती, की घरी आजारी माणसाचं करणाऱ्यांना त्यातून काहीच मिळालं नसतं. “मग आधी ते नीट लिहा म्हटलं,” ती म्हणाली. मी काही बोलले नाही.

मार्गारेट कझिन्सचं काय झालं ते राहिलं. १९१३ च्या जानेवारीत डब्लिन कॅसलच्या काचा फोडून तीही तुरुंगात गेली, टलमोरला उपोषण केलं, आणि १९१५ मध्ये नवऱ्याबरोबर मद्रासकडे आली. डिसेंबर १९१७ मध्ये ब्रिटिश सरकारातले भारतमंत्री माँटेग्यूसाहेब यांच्यापुढे सरोजिनी नायडूंनी बायकांचं शिष्टमंडळ नेलं, मताची मागणी केली. ते जुळवून आणण्यात मार्गारेट पुढे होती. मदनपल्लीला तिने ‘जन गण मन’चं स्वरलेखन केलं. आणि जानेवारी १९२७ मध्ये तिच्याच हाकेवरून अखिल भारतीय महिला परिषदेचं पहिलं अधिवेशन भरलं, पुण्यात, फर्ग्युसन कॉलेजात. अध्यक्ष बडोद्याच्या महाराणी चिमणाबाई. विषय शिक्षण.

कॉलेजची चार वर्षं मी त्या कॉलेजच्या फाटकावरून सायकल हाणली. ‘आधी राजकीय की आधी सामाजिक’ हा निबंध शाळेत दोनदा लिहिला, दहापैकी साडेसहा. आगरकर ज्या कॉलेजचे प्राचार्य होते तिथे, बेळगावच्या होमरूलनंतर अकरा वर्षांनी, डब्लिनच्या काचा फोडलेली बाई येऊन बायकांची परिषद भरवते, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर निबंधात एखादा गुण वाढला असता की कमी झाला असता, कोण जाणे.

७ जूनला डब्लिनमध्ये स्थानिक निवडणुका होत्या. आयर्लंडमध्ये स्थानिक मताला नागरिकत्वाची अट नाही, तिथे राहत असलात की पुरे. भाची भारतीय पासपोर्टवालीच आहे. सार्वमतात तिला मत नव्हतं, यात होतं. कार्ड आठवडाभर फ्रिजवर लोहचुंबकाने लटकत होतं. संध्याकाळी ऑफिसातून आल्यावर ती म्हणाली, “मावशी, येतेस का? पाच मिनिटांचं काम आहे.” जवळच्या प्राथमिक शाळेत केंद्र. मी फाटकाशी थांबले. ना रांग, ना पोलिसाची काठी. एक बाई बाबागाडी ढकलत आत गेली आणि मी पुरतं बघायच्या आत बाहेरही आली.

भाची आली. आत पेन्सिल दिली म्हणाली, उमेदवारांपुढे एक, दोन, तीन असे क्रम घालायचे. पेन्सिल! मी तिचं बोट बघितलं. कोरं.

“इथे शाई लावत नाहीत गं,” असं म्हणत तिने माझा डावा हात ओढून घेतला. मी पुण्यात १३ मेला मत देऊन आले होते. कातडीवरची शाई कधीच गेली होती. नखावरची मात्र होती, पण मुळाशी नवं गुलाबी नख आलं होतं आणि काळी रेघ थोडी वर सरकली होती.